केझायाच्या हातची तार

चर्चच्या दारात परवा पुन्हा कुणीतरी म्हणालं, "केझायाच्या हाती तार देऊ नका रे, ऐरण पायावर पडेल!" सगळे हसले. सदतीस वर्षं झाली, या गावाला दुसरा विनोद सुचत नाही. मीही हसले. म्हणून लिहायला बसले.

मी झिल्पा टटल, लोहार एलियाकिम याची विधवा, वय एकोणऐंशी. गुडघे गेले, अक्षर कधीच धड नव्हतं, डोकं शाबूत आहे. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे सगळे आधीच गेले. हे माझं शेवटचं मृत्युपत्र; आधीचं चुलीत घालावं.

भट्टी आणि हत्यारं मुलाला, ऑरिनला. साखरेची मोठी कढई सुनेला. तिचा पाक करपतो, तो कढईचा दोष नाही.

राहतं घर आणि गाय माझी नणंद केझाया हिला. ऑरिन, तोंड वाकडं करू नकोस, कारण ऐक.

तुझ्या बापाने लोखंड नालासारखं वाकवून विजेचं चुंबक केलं. तारेवर रेशीम गुंडाळायचं काम आम्हा दोघींचं. त्यासाठी माझा जांभळा झगा फाडला. बाह्या मी लपवून ठेवल्या, टोपी शिवायला. रेशीम कमी पडलं. सगळ्यात आतला थर माझा होता; तिथे चार हात तार मी उघडीच गुंडाळली. वरून केझायाचे नीटस थर आले, झाकून गेलं. उघड्या तारा टेकल्या की वीज आडवाटेने पळते, लोखंडात जोर उरत नाही.

आल्बनीहून तीन साहेब बघायला आले. चुंबकाने ऐरण उचलली, भाराने आतल्या उघड्या तारा दबून टेकल्या, आणि ऐरण धाडकन साहेबांच्या बुटाशी आली.

"एवढंही जमलं नाही तुला?" एलियाकिम बहिणीवर ओरडला.

"दादा, मी बोटभरसुद्धा उघडी सोडली नव्हती." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मी सांगतच होते, ही घाई करते."

आठवड्यात ती ट्रॉयला गेली, परक्यांची धुणी धुवायला. एलियाकिमने पुन्हा चुंबक केलं नाही. नाल ठोकत मेला. त्याने कधी उलगडून पाहू नये म्हणून ते पहिलं चुंबक मी तेव्हाच पिठाच्या पेटीत तळाशी पुरलं; अजून तिथेच आहे. टोपी सहा वर्षं मिरवली.

केझायाला ट्रॉयहून बोलावून ते चुंबक चर्चमध्ये तिच्यासमोर उलगडावं, अगदी आतल्या थरापर्यंत. हसणाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवावं. घर देऊन हे फिटत नाही, एवढं मला कळतं.

सही: झिल्पा टटल
साक्षीदार: ॲसाहेल पिंगरी, लोइस बार्डवेल
ईस्ट हॅलो, व्हरमाँट, ११ मार्च १८७१

साक्षीदारांनी सही करण्याआधी हेही वाचलं आहे: केझाया विचारेल, "जिवंतपणी का नाही बोलली?" पाद्रीने मध्ये पडू नये, सुनेने रडू नये. उत्तर ऑरिननेच द्यायचं, उभं राहून: "आई भित्री होती." पुढे एक शब्द जोडायचा नाही.