चादरीचं दुसरं टोक

प्रिय जाऊबाई,

वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, माझी खुशाली त्यातूनच समजून घ्या). तुमचा गुडघा काय म्हणतो? लेक जिना चढू देत नसेल तर तिचं ऐका. निदान तिचं तरी ऐका.

"हात थांबले तर चालतील, तोंड थांबवू नका." नवी सून म्हणून मी लाँड्रीत पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाई हे म्हणाल्या होत्या, आठवतं? मला वाटलं, किती मोकळ्या स्वभावाच्या आहेत. नंतर कळलं, की वाफेत पलीकडचं माणूस दिसत नाही, आणि आवाज बंद झाला की ते चक्कर येऊन पडलंय असं समजून धावायचं असतं. हल्ली त्या वाफेत मी एकटीच बोलते. पडले तर कोण धावणार, हा प्रश्न आहेच. पण सवय जात नाही.

थांबण्याच्या बाबतीत सासूबाई फार काटेकोर होत्या. दम खाणं म्हणजे उभ्या उभ्या, हात यंत्रावर. टेकणं म्हणजे स्टुलाच्या कडेवर, पाय जमिनीवर. दोन्हीला परवानगी. बसणं मात्र नाही (बसलेलं माणूस उठताना विचार करतं, असं त्यांचं मत), आणि आडवं होणं फक्त तापात. सुट्टी आपोआप यायची, रजा मागावी लागायची आणि खाडा केला की दिवसभर त्यांचं तोंड फुगलेलं. तुम्ही गेलात ते यातलं नेमकं काय, हे मला गिऱ्हाइकांना सांगता येत नाही. पहिल्यांदा म्हटलं, जरा दम खायला गेल्यात लेकीकडे. मग म्हणू लागले, विश्रांती घेताहेत. परवा गेस्ट हाउसचे मॅनेजर म्हणाले, "म्हणजे त्यांनी काम सोडलं म्हणा की." मी त्यांचे टॉवेल इतक्या जोरात बांधले, की गाठ सोडायला त्यांना कात्री लागली असेल.

चादरींचं विचारू नका. एकटीने घडी घालायची म्हणून मी दोन टोकं दाराच्या कडीला बांधली आणि मागे सरकत ताणून धरली. तेवढ्यात पोस्टमनने दार उघडलं. मी चादरीसकट पुढे गेले ती थेट त्याच्या टपालावर. सभ्य माणूस, सॉरी तोच म्हणाला. म्हणून त्यालाच म्हटलं, आलाच आहात तर दुसरं टोक धरा. आता तो पाकिटं खिडकीतूनच आत टाकतो. मग तुमच्या भाऊजींना उभं केलं. ते फोनवर बोलत टोक धरतात आणि कान खाजवायला तेच टोक वर नेतात. "गुंडाळी करून ठेवली तर काय बिघडतं? शेवटी झोपायचंच आहे ना तिच्यावर?" असं यांचं म्हणणं. यांच्याशी मी संसार करतेय, जाऊबाई.

पण बिघडतं ते दुसरंच. चादर ताणली, झटका दिला, की चुण्या मोडेपर्यंत आपण दोघी क्षणभर तशाच उभ्या राहायचो. तो ना दम, ना विसावा. त्याला सासूबाईंनीही नाव दिलं नव्हतं. पण महत्त्वाचं सगळं आपण तेव्हाच बोललो. लेकीला परगावचं स्थळ आलंय हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. माझ्या पोटात गाठ आहे हे मीही तेव्हाच सांगितलं, कारण हात गुंतलेले असले की कुणी गळ्यात पडत नाही. तुम्ही फक्त चादर जरा जास्त ताणलीत. मग पुढे आलात, माझ्या हातातली टोकं घेतलीत आणि म्हणालात, पुढची आण.

तुम्ही निघालात तेव्हा मी हसून म्हटलं होतं, खुशाल जा, माझं काही अडत नाही. इतकं छान म्हटलं, की तुम्हाला ते खरं वाटलं. जन्मात एकदाच मला नाटक जमलं, ते नेमकं तेव्हा.

बाकी सगळं उत्तम. तुम्ही मुळीच काळजी करू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. सगळं उत्तम नाही. तुमच्या भाऊजींनी घडी घालायचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. एका बाजूने चादर सोडायची, दुसऱ्या बाजूने घडी येते. मध्ये ते कुठे थांबत नाही. त्याला जागा हवी म्हणून आपलं घडीचं टेबल सोमवारी काढणार आहेत.

ता. क. दुसरा. त्याआधी एक दुपार या. एकच चादर, मग गाडीत बसवून देईन. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय, लेक पाठवणार नाही, आणि तुम्हीही 'आता कशाला गं' म्हणाल. सगळं मला माहीत आहे. तरी तुमच्या टोकाला खुर्ची ठेवतेय. बसून धरा. सासूबाई बघायला नाहीत.