सोमवारचं तिसरं मशीन

प्रिय मंदार,

तुला पत्र लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण आज सकाळी डायलिसिस सेंटरमधून पुन्हा फोन आला. तुझ्याशिवाय विचारू तरी कुणाला?

रुग्णांच्या वेळा लावणारा प्रोग्राम तू त्यांना हौसेनं करून दिलास. तू गेलास आणि तो माझ्या गळ्यात पडला. मीही गुडगावला कोडच लिहिते ना, मग सगळ्यांचं एकच, "भाभीजी बघतील!"

सोमवारी सकाळी तुझा प्रोग्राम तिसरं मशीन कुणालाच देत नाही. नवा टेक्निशियन म्हणाला, "भाभीजी, मशीन तो बिल्कुल ठीक है. सर ने खाली क्यों रखवाई?"

मी कोड उघडला. ते मशीन वगळणाऱ्या ओळीच्या वर चक्क तुझी कॉमेंट, वाचणाऱ्यासाठी टीप! केवढा आनंद झाला मला. तू लिहिलं होतंस, 'सोमवारी सकाळी तिसरं मशीन रिकामं ठेवणे.'

अरे, ते तर खालची ओळच सांगतेय! का ठेवायचं, ते कोण सांगणार?

माझ्या कॉमेंटना किती हसायचास. "चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही, यार. तू तर निबंध लिहितेस." मी चिडायचे. कोड काय करतो ते दिसतंच, कशासाठी करतो ते लिही म्हणायचे. शेवटी माझं मन राखायला लिहिलंस, तेही हे?

घरीही तसंच. मेट्रो सोडून बदरपूरच्या गर्दीतून स्कूटर का न्यायचास? "असू दे ना." झालं उत्तर!

जुन्या सिस्टर केरळला परत गेल्यात, त्यांना काही आठवत नाही. इंजिनिअरनं मशीन दोनदा तपासलं. इकडे एक बाई जागा नाही म्हणून दर सोमवारी दिल्लीला जाते आणि परतताना बसमध्ये तिला भोवळ येते. तिला काय सांगू? फार राग येतो तुझा. भांडायलाही तू नाहीस.

आज ती ओळ मी बंद केली. पुसली नाही, पुसवेना. पुढे खूण टाकून तिचीच कॉमेंट केली. आता ती दिसेल, पण चालणार नाही. वर लिहिलं, 'ही ओळ मंदारनं घातली होती. कारण माहीत नाही. विचारायला तो नाही.'

सोमवारी त्या मशीनवर ती बाई असेल. मी तिच्या शेजारी बसून राहीन, शब्द देते. तुझं काही कारण असलंच, तर ते कळेल तेव्हा ती एकटी नको.

तुझी,
रेवा