धुतलेलं तूप

आई, आज नातवाला घेऊन परभणीला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्याच्या कोपरांच्या लवणीत इसब उठलाय, मला होता तिथंच. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. वरणात मीठ दोनदा पडलं, आणि लिहायला बसले तर हात सारखा कोपराशी जातोय. तिथं आता काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, घासू नका. कातडीवर आपलेच जंतू राहतात, ते तिची राखण करतात. कडक साबणानं ते जातात, कातडी कोरडी पडते, मग नको ते शिरतं. अंघोळीनंतर ओलसर अंगावरच मलम लावा. मी मान हलवत होते आणि मला वालूरच्या घरातली मोरी दिसत होती. तुझ्या हातात तो लाल कार्बोलिक साबण आणि घोसाळ्याची जाळी, आणि मी किंचाळतेय. शेजारणीनं हळदीकुंकवात "खरूज हाय तिला" म्हणून मला बाजूला बसवलं, तेव्हापासून तू हट्टाला पेटलीस. "पोरीला कळकट ठेवली म्हणायलेत," तू घासता घासता म्हणायचीस, "मी कळकट हाय का?" माझ्याबरोबर तूही रडायचीस.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं. एसटी बंद, सेलूहून माल येईना, घरातला साबण संपला. आसपासच्या गावांत घरं जाळल्याचं कानावर यायचं, मोठी माणसं दारं लावून हळू बोलायची, आणि मी खाज थांबली म्हणून खुशीत होते. ते आठवलं की मला अजून बसवत नाही. साबण नाही म्हणून तू परातीत तूप घ्यायचीस, पाणी घालून तळहातानं फेसायचीस, ते पाणी ओतून पुन्हा नवं, तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत. लावताना तुझा हात इतका हलका असायचा. माझे कोपर मऊ पडले. एसटी सुरू झाली, साबण आला, आणि सगळं पुन्हा चिघळलं. "राह्यलेली घाण बाहेर पडायलीय," असं म्हणून तू आणखी जोर लावलास.

पुढं वयाबरोबर ते आपोआप गेलं. तू मात्र डोळे मिटेपर्यंत सांगायचीस, "घासून घासून बरं केलंय मी हिला." गल्लीतल्या बायका लेकरं घेऊन तुला विचारायला यायच्या, तेव्हा तू केवढी ताठ बसायचीस.

संध्याकाळी पोराला मोरीत उभं करून सुनेनं तसलाच साबण हातात घेतला. "डॉक्टर काय बी म्हणू द्या, आत्याबाई. तुमचं घासूनच गेलं न्हवं?" हे तिला मीच कितीदा सांगितलेलं. मी साबण काढून घेतला. म्हटलं, "न्हाई गं. साबणानं लय चिघळायचं. आराम पडला तो तुपानं."

तिला सांगितलं, कारण लेकराचा प्रश्न होता. तुला हे कळवायचं नाही, म्हणून कागद गादीखाली जाईल. उद्या तू समोर येऊन विचारलंस ना, तर घासूनच गेलं म्हणेन.