बाबांशेजारची खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

परवाच्या पानात चूक आहे. बाबांच्या दवाखान्यात आलेल्या त्या चार वर्षांच्या मुलीचा कान वहिनीने न बघताच तिला घरी पाठवलं, असं लिहिलंय. तिने दोन्ही कान बघितले होते. मीच तेव्हा उपकरणं उकळायला आत गेले होते. रागात लिहिलं की असं होतं.

मुलीची आई मात्र भडकली होती. "नुसतं थांबा म्हणायची फी घेता का?" वहिनी शांतपणे म्हणाली, "एकाच कानाचा पडदा लाल आहे, ताप थोडा आहे. दुखण्याचं औषध द्या, दोन दिवस बघू. ताप चढला, कान वाहिला किंवा कानामागे सुजलं, तर तडक या."

आज मुलगी उड्या मारत आली. बाबा म्हणाले, "शाब्बास, सूनबाई."

हे सगळं बाबांनी मला शिकवलंय, शाळेत जायच्याही आधी, जेवणाच्या टेबलावर. पण डिग्री वहिनीकडे, शाब्बासकीही तिलाच. माझ्या हातात कापूस.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना बाबांना विचारलं, कानाच्या दुर्बिणीतून मीही एकदा बघू का? उत्तरच नाही. तेवढ्यात वहिनी म्हणाली, चहा टाकू? "टाक." लगेच.

चहासुद्धा माझ्यापेक्षा मोठा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरचा शिंपी आला, कान धरून. काडीने कोरला होता. वहिनी रागावली तर म्हणतो, "मग काय सुईने कोरू?" मी बाबांच्या डाव्या खांद्यामागे उभी होते. म्हटलं, कानाची पाळी हलवली की दुखतंय, म्हणजे बाहेरच्या नळीत आहे, पडद्यामागे नाही. बाबा गप्प. वहिनीने तेच समोरून म्हटलं – "अगदी बरोबर!"

माझंच वाक्य. तिच्या तोंडून सोनं झालं. रात्री जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय, असं सांगितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी दोन दिवस माहेरी. तिची खुर्ची बाबांच्या उजवीकडे. मुद्दाम बसले. बाबा जेवणभर बोलले माझ्याशी! हसले, शिंप्याचं औषध कोणतं ते मला विचारलं, मी चुकले तिथे समजावलं. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

मग वाढायला उठून मी त्यांच्या डावीकडे गेले. विचारलं, भात वाढू? काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही.

माझी रोजची जागा डावीकडे.

समोर जाऊन विचारलं, डाव्या कानाने ऐकू येत नाही का? "सर्दीचे दडे बसलेत, उघडतील." सर्दी होऊन तीन महिने झाले. दुखत नाही म्हणे. त्यांनीच शिकवलंय – लहान मुलांचे दडे बहुतेक आपोआप उघडतात. पण मोठ्या माणसाचा एकच कान असा बंद राहिला, तर नाकाच्या पार मागपर्यंत बघायचं. तिथे गाठ तर नाही ना, म्हणून.

तपासायचा दिवा आणला. "ठेव तो. तू डॉक्टर आहेस का?"

९ फेब्रुवारी, रविवार

उजवीकडची खुर्ची मागून घेतली, तर बाबा माझे. कुणाला काही कळायचं नाही. दिवसभर हेच डोक्यात.

पण तिचं ते ऐकतील. वहिनी रात्रीच्या गाडीने येतेय. उद्या, सोमवारी, १० तारखेला, दवाखाना उघडायच्या आधी तिला सांगणार. तपासायचं तिनेच.