झाडांवर मागाहून चढवलेलं आकाश

पप्पा,

इथे म्युझियम पुन्हा उघडली आहेत, पण वेळ आधी बुक करावी लागते. करोनाचं दुसरं वर्ष चालू आहे. उइटहॉर्नच्या घरात जेवणाच्या टेबलावरच माझं ऑफिस आहे; स्लोटरडाइकची ऑफिसची बिल्डिंग कित्येक महिन्यांत पाहिलेली नाही. कॉल चालू असताना मी उठते, खिडकीशी जाते, परत येऊन बसते, पुन्हा उठते. शेवटी लेक वैतागून डचमध्ये म्हणाली की घरात अशा येरझाऱ्या घालण्यापेक्षा बाहेर कुठेतरी जाऊ. म्हणून तिच्याबरोबर गेले.

एका दालनात एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच निसर्गचित्र होतं. तळं, करडी-हिरवी झाडं, काठाशी वाकलेली बाई. आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरवरच्या चित्राचं भावंडच. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात आणि रविवारी मला त्या कॅलेंडरसमोर बसवायचात, कारण घरात चांगला उजेड तिथेच. आई भाकऱ्या थापते आहे. तुम्ही कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता आहात की बघ, पानांमधून आकाश दिसतंय. मी मात्र झाड गच्च रंगवून टाकते आणि वरून पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके देते. तुम्ही माझ्या हातातून ब्रश काढून घेता.

"जलरंगात उजेड आधी राखायचा असतो, कागद कोरा सोडून. एकदा झाकला की परत मिळत नाही."

मी रडले. लहान आहे ती, असं आई म्हणाली तेव्हा कुठे तुम्ही नवा कागद दिलात.

पण हे चित्र तैलरंगातलं. खाली पातळ तपकिरी रंगाचा हात, त्यावर गडद झाडं, आणि बरंचसं आकाश त्यानंतरचं. जाड, करडा-पांढरा रंग झाडांच्या कडांवर चढवलेला. पानांमधला उजेड राखलेला नव्हताच, मागाहून लावला होता. बाजूने पाहिलं की त्याचे उंचवटे दिसत होते. छापील कॅलेंडरवर तुम्हाला ते दिसणं शक्यच नव्हतं. मी इतकी पुढे वाकले की तिथल्या रखवालदार बाईंनी मागे व्हायला सांगितलं. लेकीने हळूच इंग्रजीत विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, तुझी आजी आठवली.

पप्पा, आई गेली. दुसऱ्या लाटेत. विमानं बंद होती, मी इथेच राहिले. दादाच्या ओळखीच्या नर्सने तिच्यासमोर फोन धरला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चित्र पाहून बरं वाटलं असंही नाही. घरी येताना बसमध्येही मी दोनदा जागा बदलली.

एकच सांगायचं राहिलंय. आई घाबरली होती. ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाली, "एकटीनं कसं जायचं गं?"

मी म्हटलं, "पप्पा आहेत ना तिथे."

मेल्यावर कुणी कुठे नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. मी आजही तेच मानते, म्हणून हे कागद घडी घालून ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे. पण ती "बरं" म्हणाली, पप्पा. आणि मी पुन्हा तेच बोलेन.