गाडीची दृष्ट

प्रिय प्रदीप,

अपघातानंतर आज तू गाडी देवळात नेलीस, तिची दृष्ट काढलीस आणि चारही चाकांखाली लिंबं चिरडलीस, असं तुझ्या बायकोने कौतुकाने सांगितलं. ज्याला तू धडक दिलीस त्या मंजुनाथला बघायला मात्र दवाखान्यात अजून गेला नाहीस. पाय मोडला त्याचा, आणि दृष्ट लागली तुझ्या गाडीला?

"अक्का, स्वल्प समजून घे की," म्हणालास. "बाइकवाला अचानक आडवा आला, एवढंच पोलिसांना सांग. गाडीत तूच तर होतीस."

होते ना. म्हणूनच सांगता येत नाही. हेब्बाळच्या पुलावर तो त्याच्या लेनमधून सरळ चालला होता आणि तू मोबाइलवर मेसेज वाचत होतास. मी नक्की हेच पाहिलं का, रागाच्या भरात वाढवून तर सांगत नाही ना, असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर बदलत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर धावत येशील, आणि तू रडायला लागलास की माझा धीर सुटतो. उद्या आधी पोलिसांत जबाब देईन, मगच तुझा फोन उचलीन.

तरीही तुझीच,
कृष्णवेणीअक्का