देवीला इंग्रजी येतं

पूर्णा, ता. भिवंडी
फेब्रुवारी १९७८

प्रिय काशी,

मायन्यावरच माझं घोडं अडलं होतं. सासूनं सुनेला 'प्रिय' लिहायची आपल्यात रीत नाही हे मला ठाऊक आहे. पण 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही, तू अजून तिशीचीसुद्धा नाहीस. शेवटी राघो मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, इंग्रजीत एकदा 'डिअर' लिहिलं की भागतं, मग समोर मामलेदार असो की मेव्हणा. म्हणून 'प्रिय'. सवय करून घे.

तू मोखाड्याच्या दवाखान्यातून भिवंडीला बदली मिळावी म्हणून अर्ज दिलास, हे मला कळलं. कुणाकडून, ते पुढे येईलच. तुझ्या पत्रात त्याचा चकार शब्द नव्हता. तिथे आपलं नेहमीचंच, आई गोळ्या वेळेवर घ्या, आई विहिरीवर एकट्या जाऊ नका, आई संध्याकाळी दाराला कडी लावा. मी त्या अर्जाबद्दलच लिहायला बसले आहे, पण आधी इथली हकिकत ऐक, नाहीतर तू माझं काही ऐकणार नाहीस. समोर असतीस तर विषय निघताच कळशी उचलून पाण्याला गेली असतीस, घरातले हंडे काठोकाठ भरलेले असले तरी. पत्राला तशी पाठ दाखवता येत नाही.

तर ऐक. दाराला कडी लावायची सोयच राहिलेली नाही, कारण दिवाळीपासून आपल्या घरात इंग्रजीचा क्लास भरतो. राघो मास्तर नवीनच बदलून आले आहेत, चष्मा लावतात आणि भाकरी कच्ची खातात, कारण स्वतःच भाजतात. मॅट्रिकला इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेली पोरं गोळा करून त्यांना फुकट शिकवायचं त्यांच्या मनात आलं. पोरं म्हणजे मिशीवाले बाप्ये, यंत्रमागावरची दिवसपाळी संपवून अंगावर कापसाचा भुसा घेऊन येणारे. शाळेत दिव्याची सोय नाही आणि आपल्या ओटीवर बल्ब आहे, म्हणून मास्तर विचारायला आले. मी म्हटलं, बसा, पण माझं तांदूळ निवडणं थांबणार नाही. मग मी एका कोपऱ्यात, शेजारची गुणाबाई दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधे इंग्रजी. आठवड्याभरात ओटी पुरेना, तेव्हा तुझी खोली दिली. तुझी ट्रंक माळ्यावर आहे, काळजी करू नकोस.

मी आधी नुसतीच ऐकायची. पण मोरू माहीत आहे ना, भाऊ पाटलाच्या लूमवरचा? तो दर वेळी उत्तर चुकायचा, आणि एकदा मला राहवेना म्हणून मी सुपातून मान वर न करता बरोबर उत्तर दिलं. पुढच्या वेळी दिलं ते चुकलं, तेव्हा सगळा क्लास खूश झाला. मास्तर म्हणाले, धोंडूबाई, आता पाटी घ्याच. म्हणून तुझी सासू या वयात, सातवी पास झाल्यावर जन्म लोटला असताना, ए फॉर आंबा करत पुन्हा बसली. विहिरीवर मला आता बाया 'मडम' म्हणतात. म्हणोत. मी पण त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणते, दुपार असली तरी.

संक्रांतीच्या सुमारास मास्तरांनी जर-तरचा धडा काढला. 'इफ'नं वाक्य सुरू करायचं, असं झालं तर मी तसं करीन. दिवेलागणीची वेळ, तुळशीपाशी दिवा लागलेला, आणि मोरू उभा राहून ठणठणीत आवाजात म्हणाला, इफ आय पास, आय विल गिव्ह वन गोट टू गावदेवी. मास्तरांनी शाबासकी दिली. गुणाबाईनं मला अर्थ विचारला, मी सांगितला, पास झालो तर गावदेवीला बोकड देईन म्हणतोय. गुणाबाईनं सूप खाली ठेवून हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर झालं की मोरूनं देवीला बोकड बोलला. मोरूची आई हरखली, त्याच्या मामानं बोकड कुठला घ्यायचा तेही ठरवलं. मोरू रडकुंडीला येऊन सांगत होता, आगो, त्ये तं व्याकरन व्हतं. त्यावर गुणाबाई काय म्हणाली असेल? देवीला इंग्रजी येत न्हाय असं तुला कोनी सांगलं रं?

खरं सांगते, मला गुणाबाईचंच पटलं. पेटत्या दिव्यासमोर 'असं झालं तर मी देईन' म्हटलं की तो नवस झाला. भाषा कुठली का असेना. पण तेव्हापासून क्लासची अशी गत झाली की वाक्यात कुणी खर्चाची गोष्ट घालेना. मी पास झालो तर चहा पिईन. मी पास झालो तर झोपेन. मास्तर कपाळाला हात लावायचे. मी राजा असतो तर काय केलं असतं, असं विचारलं, तर मोरू म्हणाला, कुणाला काहीच दिलं नसतं.

मग आलं 'आय विश'. हे निराळं. जे नाही ते असतं तर बरं, असं म्हणायचं. गुणाबाईचं म्हणणं, नाय त्ये नाय, मंग बोलून तोंड कशाला दुखवायचं? पण मोरूनं तिथे बाजी मारली. तो म्हणाला, इंग्रज गेले तेव्हा त्यांची भाषाही त्यांच्यासोबत गेली असती तर किती बरं झालं असतं. मास्तरांनी वाक्य नीट करून फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच इतके हसले की चष्मा पुसावा लागला. तू इथे असतीस तर तू पण हसली असतीस. तू हसलेली मी पाहिली नाही त्याला किती दिवस झाले, ते मी मोजत नाही.

आता जरा थांबून वाच. एका संध्याकाळी मास्तरांनी तिसरा प्रकार सांगितला. जे घडून गेलं, ते घडलं नसतं तर काय झालं असतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यावरूनच कळलं की सगळ्यांना केसरीनाथ आठवला. मास्तर नवीन, त्यांना काय ठाऊक की या घरातला मुलगा पाळीवरून सायकलनं येताना आग्रा रोडवर ट्रकखाली गेला. कुणीतरी त्यांना खूण केली, तेव्हा ते बिचारे खडू घेऊन तसेच उभे राहिले. मी म्हटलं, शिकवा मास्तर. परीक्षेत येणार ना ते?

काशी, आपल्या देवीकडे गेल्या गोष्टीचा नवस चालत नाही. पुढचं मागावं, मागचं मागता येत नाही. म्हणून मी इतकी वर्षं ते कुणापाशी बोललेच नाही. मनातल्या मनात मात्र रोज, तो त्या दिवशी पाळीवर गेला नसता तर. एवढंच. पुढे कधी गेलेच नाही. आणि हे मास्तर सांगत होते की नुसतं 'तर' म्हणून थांबायचं नाही, पुढचा भाग लिहिला नाही तर मार्क नाहीत. म्हणून मी पाटीवर लिहायला घेतलं. तो गेला नसता तर आज इथे असता. त्याचं पोट सुटलं असतं, बापासारखं. त्याची पोरं या ओटीवर लोळली असती. आणि काशी चुलीपाशी असती, नर्स झाली नसती. हे शेवटचं लिहिलं आणि माझा हात थांबला. त्याच्या जाण्यात काही बरं होतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण तू ठाण्याला शिकायला गेलीस, गाव म्हणालं म्हातारी सुनेला घालवते, आणि आज मोखाड्याच्या पाड्यांवर बाया तुझ्या हाती बाळंत होतात, हेही खोटं नाही. मी रडले. सगळ्यांसमोर रडले, नाक पुसलं, आणि मास्तरांनी पाटी तपासून बरोबरची खूण केली. दोन चुका होत्या, त्या सांगितल्या. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

आता हिरामणचं. तो तुमचा कंपाउंडर संक्रांतीला पडघ्याला आईकडे आला होता, तेव्हा तू दिलेली वरई पोचवायला इथे आला. चपला भिंतीशी जोडीनं लावल्या, बसला, चहा प्याला, आणि कप स्वतः विसळून ठेवला. वरई द्यायला आलेला माणूस एवढा वेळ बसत नाही, काशी. मी पण घाई केली नाही, तांदूळ निवडत राहिले. घाम पुसून पुसून त्याचा रुमाल भिजला तेव्हा बोलला. त्यानं तुला विचारलं होतं, तू नाही म्हणालीस, आणि वर बदलीचा अर्ज दिलास. मी कारण विचारलं. तो म्हणाला, त्या म्हनतात, आई एकट्या हायत. तुझी तक्रार करायला आला नव्हता तो. त्याला एवढंच हवं होतं की तू तो अर्ज त्याच्यापायी दिला असशील तर त्यानंच बदली मागावी, तुझी तिथे घडी बसली आहे ती मोडू नये. मला त्याचं हे बोलणं फार आवडलं.

आणि मला तुझा रागही आला. एकट्या म्हणे. माझ्या घरात आठवड्यातले तीन दिवस पाय ठेवायला जागा नसते. गुणाबाई उरलेले चार दिवस हलत नाही. पुढच्या वर्षी मी मॅट्रिकला बाहेरून बसायचं म्हणते आहे, नापास झाले तर मोरूची सोबत आहेच. तू बदली घेऊन आलीस तर तुला झोपवू कुठे, फळ्याखाली? आणि रोज माझं तोंड बघत बसशील, मी तुझं बघत बसेन, आणि दोघी एकमेकींना दाखवायला हसू. हे मला नको. मी म्हातारी झाले तर तुला बोलावीन, लाजणार नाही. पण अजून झाले नाही.

म्हणून परवाच्या क्लासला मी काय केलं ते ऐक, तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून यायच्या आत. मोरूचं चुकून तोंडातून गेलं होतं, माझं तसं नाही. दिवा लागलेला बघून, गावदेवीच्या दिशेला तोंड करून मी उभी राहिले आणि म्हटलं, इफ काशी मॅरीज हिरामण, आय विल डान्स इन हर हळदी. मास्तर चूक काढायला गेले नाहीत. गुणाबाईला या वेळी अर्थ सांगावा लागला नाही. ती हळूच म्हणाली, खरंच नाचशील गो? केसरीनाथच्या हळदीला आम्ही दोघी नाचलो होतो, त्यानंतर मी कुणाच्या मांडवात पाऊल ठेवलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. मी म्हटलं, नाचेन. पाटाचं, दुसरेपणाचं लग्न असलं तरी हळद लागेल, आणि मी नाचेन.

घाबरू नकोस, या नवसानं तू बांधली जात नाहीस. तू नाही म्हणालीस तर देवी माझ्याकडे काही मागणार नाही, मी नाचायची राहीन, इतकंच. हिरामण तुला मनातून नको असेल तर तसं दोन ओळींत लिही, मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. पण नको म्हणण्याचं कारण मी असेन, तर ते कारण मी तुला वापरू देणार नाही. तो अर्ज आधी मागे घे, मग त्याच्याशी बोल, माझ्याशी नंतर. पडघ्याहून हिरामणच्या आईचा निरोप आला होता. काशीला आईबाप नाहीत, ती हो म्हणाली तर मुलीकडून बोलणी करायला कोण बसणार, असं त्यांनी विचारलं आहे. मी कळवलं, मुलीची आई बसेल.

तुझीच,
आई